महाराष्ट्र फिल्म कंपनी : हाताने घडवलेला स्टुडिओ

यवतमाळच्या स्मरणिकेत कोल्हापूरच्या एका चित्रपट कंपनीच्या इतिहासाला एवढी पाने कशाला, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच आहे. कोल्हापूर आपल्यापासून लांब, त्या काळी तर ते वेगळे संस्थान आणि आपण वऱ्हाडातले. पण गाठीला पैसा नसताना स्टुडिओ उभा करायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे महाराष्ट्र फिल्म कंपनीइतके स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. आणि याच कंपनीने १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला. कर्जात जमीन गेलेल्या शेतकऱ्याची ती गोष्ट. तो चित्रपट कोल्हापुरात तयार झाला, पण त्यातला शेतकरी यवतमाळ, दारव्हा, पांढरकवडा, महागाव इथल्या कुणालाही परका वाटला नसता. म्हणून हा इतिहास आपल्याही घरचा आहे असे मी मानतो आणि तसाच तो सांगतो.

कंपनीचा जन्म पेढीवर किंवा वाड्यावर झाला नाही, कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे मेस्त्रींचा. कृष्णराव मेस्त्री सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम अशा सगळ्या कामांत निष्णात. त्यांचे चिरंजीव बाबूराव ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात जन्मले. शाळेचे शिक्षण बेताचेच झाले, पण घरातच हत्यारे, रंग, माती आणि लाकूड होते. नात्यातले भाऊ आनंदराव हे तेवढ्याच तोलाचे कारागीर. दोघांनी मिळून नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायला घेतले. तो संगीत नाटकाचा भरभराटीचा काळ. प्रत्येक मंडळीला राजवाड्याचा, रस्त्याचा, जंगलाचा पडदा लागे आणि पडदा जितका देखणा तितकी मंडळीची शान मोठी. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शसारख्या मंडळ्यांसाठी या भावांनी रंगवलेले पडदे गाजले. मेस्त्री हे आडनाव मागे पडून लोक त्यांना पेंटर म्हणू लागले ते याच कामामुळे. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल ही पुढे गाजलेली जोडी याच कारखान्यात उमेदवारी करायला आली. दामल्यांचा हात यंत्रावर, फत्तेलालांचा कुंचल्यावर.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. पडदे रंगवणाऱ्या माणसाला त्यात काय दिसले असेल याची कल्पना करता येते. आपण ज्या कापडावर झाड रंगवतो त्याच कापडावर झाड हलते आहे! भावांनी ठरवले की चित्रपट काढायचा. फाळक्यांनी विलायतेला जाऊन विल्यमसन कॅमेरा आणला होता. कोल्हापूरच्या या भावांना ते परवडणारे नव्हते. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक वापरलेला प्रोजेक्टर मिळवला, त्यावर चित्रपट दाखवायला सुरुवात केली, चार पैसे जमू लागले. आणि दाखवता दाखवता ते यंत्र उलगडून पाहिले.

इथे जरा थांबून त्या यंत्राकडे नीट पाहायला हवे, कारण कंपनीचा सगळा इतिहास त्यात आहे. चित्रपटाची फिल्म सरळ वाहत नाही. एक चौकट भिंगासमोर येते, क्षणभर अगदी स्थिर उभी राहते, मग झडप मिटते, मिटलेल्या झडपेआड फिल्म एका चौकटीने खाली ओढली जाते आणि झडप पुन्हा उघडते. मूकपटाच्या काळात हे एका सेकंदात सुमारे सोळा वेळा घडावे लागे, तेही हाताने दांडा फिरवून. फिल्मच्या कडेला छिद्रे असतात. कॅमेऱ्यातला एक आकडा खेकड्याच्या नांगीसारखा पुढे येऊन त्या छिद्रांत अडकतो, फिल्म ओढतो, सुटून मागे सरतो. हा आकडा केसभर पुढेमागे झाला तर पडद्यावरचे चित्र थरथरते. झडपेची वेळ चुकली तर चित्र फरफटते. खोक्याच्या सांध्यातून उजेडाची तिरीप आत शिरली तर अख्खी फिल्म वाया जाते. प्रोजेक्टर आणि कॅमेरा यांची जात एकच. एक उजेड बाहेर टाकतो, दुसरा आत घेतो. म्हणून प्रोजेक्टर समजलेला कारागीर कॅमेऱ्यापर्यंत पोचू शकतो, पण पोचायला त्याचा हात घड्याळजीचा हवा.

आनंदराव आणि बाबूराव यांनी असा कॅमेरा घरच्या घरी घडवायला घेतला. काम अर्ध्यावर असताना १९१६ साली आनंदराव गेले. कल्पनेचा आणि यंत्राचा मोठा आधार हरपला. बाबूरावांनी काम सोडले नाही. दामल्यांना बरोबर घेऊन त्यांनी चाचण्या, मोडतोड, पुन्हा जोडणी असे करत १९१८ साली चालता कॅमेरा उभा केला. भारतात बनलेला चित्रपटाचा पहिला कॅमेरा म्हणून त्याचा उल्लेख होतो. त्या सुमारासच, १९१७-१८ मध्ये, महाराष्ट्र फिल्म कंपनी सुरू झाली. कंपनीने आधी यंत्र घडवले आणि मग त्यावर चित्रपट काढले, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. जे विकत आणता आले नाही ते समजून घ्यावे लागले आणि जे समजले ते पुढे कुणाला हिरावून घेता आले नाही.

कॅमेरा हाताने झाला तरी कच्ची फिल्म हाताने होत नाही. ती परदेशातून यायची आणि रोख पैसे मागायची. हे भांडवल तानीबाई कागलकर यांनी दिले. तानीबाई गायिका होत्या. त्यांच्या मिळकतीतला पैसा या बेभरवशाच्या धंद्यात त्यांनी घातला. शाहू महाराजांनी कंपनीला जागा दिली, विजेची सोय करून दिली आणि पाठीवर हात ठेवला. महाराजांचे नाव सगळीकडे ठळक छापले जाते आणि ते योग्यच आहे. तानीबाईंचे नाव मात्र बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकतात. ज्या काळात गाणाऱ्या बाईच्या पैशाला आणि कलेला समाज मान देत नव्हता, त्या काळात मराठी चित्रपटाच्या एका मोठ्या संस्थेचा पाया तिच्या पैशावर घातला गेला. निदान या स्मरणिकेत तरी ते नाव महाराजांच्या शेजारी असावे.

पहिला चित्रपट ‘सैरंध्री’. अज्ञातवासातली द्रौपदी, तिच्यावर डोळा ठेवणारा कीचक आणि त्याचा वध करणारा भीम. बाळासाहेब यादव भीम झाले, झुंजारराव पवार कीचक. दोघेही अंगापिंडाने कोल्हापूरचे. ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात तो लागला. कीचकवधाचा प्रसंग इतका खरा उतरला होता की प्रेक्षक हादरले आणि पुढे तो भाग कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी चित्रपट पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवले. त्याच वर्षी १ ऑगस्टला टिळक गेले.

‘सैरंध्री’त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई ही त्यांची नावे, पडद्यावर त्या कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती साळुंके नावाच्या पुरुषाने केली होती, त्याला तेव्हा सातच वर्षे झाली होती. फाळक्यांच्या पुढच्या चित्रपटात स्त्रिया आल्या, पण एकूण समाजाचे मत बदललेले नव्हते. कोल्हापूरच्या या दोघींना त्यांच्या माणसांनी वाळीत टाकले. कंपनीने त्यांची राहण्याची सोय स्टुडिओच्या आवारात केली. पुढची कित्येक वर्षे कमलादेवींचा चेहरा हाच कंपनीचा चेहरा होता.

स्टुडिओ म्हणजे आज डोळ्यांसमोर येतो तसा बंद, दिव्यांनी लखलखणारा कारखाना नव्हता. मुख्य दिवा सूर्य. उघड्यावर नेपथ्य उभारायचे, वर पांढरे कापड ताणून ऊन गाळून घ्यायचे, आरसे आणि परावर्तक फिरवून ते नटाच्या चेहऱ्यावर टाकायचे. ढग आला की काम थांबले. पावसाळ्यात तर कोल्हापुरात कामाचे दिवस शोधावे लागत. त्यात त्या वेळची फिल्म लाल रंगाला आंधळी आणि निळ्या रंगाला हळवी. लाल शालू पडद्यावर काळा दिसायचा, निळे आकाश कोरे पांढरे. म्हणजे कपड्याचा रंग डोळ्याला कसा दिसतो ते विसरून फिल्मला कसा दिसेल ते मनात धरावे लागे. बाबूरावांची चित्रकाराची नजर इथे कामी आली. प्रत्येक पात्राचा पोशाख, प्रत्येक देखावा ते आधी कागदावर काढत. भिंगासमोर गाळणी लावून उजेड हवा तसा वळवत. आणि जो माणूस पडदे रंगवून मोठा झाला त्यानेच चित्रपटातून रंगवलेला पडदा हाकलला! पडद्यावर काढलेला खांब कॅमेऱ्यापुढे खोटा पडतो हे त्यांनी ओळखले आणि खरे खांब, खऱ्या कमानी, खऱ्या पायऱ्या असलेले घडीव नेपथ्य उभे केले. ते मेस्त्रींच्या कारखान्याला जड नव्हते. सुतार घरचे, मूर्तिकार घरचे, रंगारी घरचे.

कमी पैशातली ही कंपनी पडद्यावर श्रीमंत का दिसली याचे उत्तर यात आहे. मजुरी आणि माल बाहेरून घ्यायचा झाला असता तर असे एकही नेपथ्य उभे राहिले नसते.

फिल्म महाग म्हणून तालीम भरपूर, हाही कंपनीचा शिरस्ता. एकदा दांडा फिरू लागला की दर फुटाचे पैसे मोजले जात. त्यामुळे नटाने काय करायचे, कुठे थांबायचे, कुठे पाहायचे हे आधी पक्के होई. जाहिरातही घरचीच. बाबूराव स्वतः भव्य रंगीत भित्तिपत्रके काढत. ‘कल्याण खजिना’ या १९२४ च्या चित्रपटाचे भित्तिपत्रक आज भारतातल्या सर्वांत जुन्या उपलब्ध चित्रपट-भित्तिपत्रकांत गणले जाते.

या कंपनीत कामाच्या काटेकोर वाटण्या नव्हत्या. बाबूराव पेंढारकर व्यवस्थापन पाहत आणि भूमिकाही करत. त्यांनी आपल्या मावसभावाला, शांताराम वणकुद्रे नावाच्या पोराला, १९२० च्या सुमारास कंपनीत आणले. हा पोरगा गंधर्व नाटक मंडळीत थोडे राहून, हुबळीच्या रेल्वे कारखान्यात राबून आलेला. कंपनीत त्याने झाडलोटीपासून रसायनशाळेपर्यंत पडेल ते केले, नंतर ‘सुरेखाहरण’मध्ये छोटी भूमिका मिळाली. दामले कॅमेरा आणि यंत्रे पाहत, फत्तेलाल कलाविभाग आणि छायाचित्रण. केशवराव धायबरही याच मंडळीत होते. आखाड्यात वस्ताद जसा शिकवतो, डाव दाखवून आणि अंगावर घेऊन, तशी ही शिकवण होती. चित्रपट शिकवणारी शाळा देशात नव्हती तेव्हा कोल्हापूरच्या या आवारात ती बिनपाटीची चालू होती.

पुढची तीन-चार वर्षे कंपनी जोरात होती. ‘वत्सलाहरण’, ‘दामाजी’, आणि मग १९२३ चा ‘सिंहगड’. हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीवरचा. तानाजीचा पराक्रम पाहायला लोक लोटले. रात्रीच्या लढाईसाठी बाबूरावांनी कृत्रिम दिव्यांचा वापर केला, तो इकडे नवा होता. शांताराम यात शेलारमामा झाले. गर्दी इतकी उसळली की सरकारचे लक्ष चित्रपटाच्या गल्ल्याकडे गेले आणि करमणूक कराची कल्पना त्यातून निघाली, असे चित्रपट-इतिहासात सांगितले जाते. ऐतिहासिक चित्रपट ही कोल्हापूरची ओळख झाली ती इथून. शिवकालाची ती परंपरा पुढे भालजी पेंढारकरांनी चालवली.

आणि मग ‘सावकारी पाश’.

कथा नारायण हरि आपट्यांची. हे कोरेगावचे आपटे. ‘सिंहगड’वाले पुण्याचे हरि नारायण वेगळे. नावांची अशी अदलाबदल की भल्याभल्यांचा घोटाळा होतो. याच नारायण हरींच्या कादंबरीवरून पुढे १९३७ साली प्रभातचा ‘कुंकू’ झाला. ‘सावकारी पाश’मध्ये एक कष्टाळू शेतकरी कुटुंब आहे. अडचणीला सावकाराकडून पैसे घेतले जातात, कागद होतात, कागदांत काय लिहिले आहे ते सावकाराला माहीत असते. जमीन जाते. शेतकरी शहरात जातो आणि गिरणीत मजूर होतो. शेतकऱ्याची भूमिका शांताराम यांची. राजे, देव आणि चमत्कार यांनी गजबजलेल्या पडद्यावर एक झोपडी, एक कंदील आणि एक खंगलेले कुटुंब आले. झोपडीबाहेर रात्री भुंकणारे, विव्हळणारे कुत्रे हे त्यातले दृश्य जे. बी. एच. वाडिया यांच्यासारख्या चित्रपटकाराच्या आयुष्यभर लक्षात राहिले. मूकपट आहे, कुत्र्याचा आवाज ऐकू येत नाही, तरी तो ऐकल्यासारखा आठवतो, ही त्या प्रकाशाची आणि त्या चौकटीची ताकद. भारतीय पडद्यावरच्या वास्तववादी सामाजिक चित्रपटाची सुरुवात अभ्यासक इथून धरतात.

पैसे मात्र मिळाले नाहीत. ‘सिंहगड’ला रांगा लावणारा प्रेक्षक ‘सावकारी पाश’कडे वळला नाही. कंपनी पुन्हा पौराणिक-ऐतिहासिक वाटेला लागली. बाबूरावांनी ही गोष्ट मनातून काढली नाही, इतके खरे. १९३६ साली बोलपटाच्या काळात त्यांनी ‘सावकारी पाश’ पुन्हा काढला.

हा विषय किती काळाच्या पुढे होता ते कायद्यांच्या सालांवरून दिसते. मध्यप्रांतात सावकारांना आवर घालणारा कायदा १९३४ चा, मुंबई प्रांतातला १९४६ चा. बाबूरावांचा मूकपट या दोन्हींच्या आधीचा. आणि विषय संपला का? २०१४ साली महाराष्ट्राला सावकारीचा नवा कायदा करावा लागला. अवैध सावकाराने बळकावलेली जमीन मूळ मालकाला परत देण्याचे अधिकार त्यात जिल्हा निबंधकांना दिले आहेत. कर्ज द्यायचे आणि तारण म्हणून खरेदीखतच करून घ्यायचे, ही चाल आपल्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने मुलाबाळांसह मरण पत्करले. त्या दिवशी दरवर्षी ठिकठिकाणी अन्नत्याग केला जातो. त्यानंतरच्या वर्षांत यवतमाळ हे नाव देशभरच्या बातम्यांत कशासाठी येत राहिले ते आपण सगळे जाणतो. २०१९ च्या जानेवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला भरले, त्याचे उद्घाटन कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी केले. शेतकऱ्याची विधवा आणि ‘तेरवं’ या नाटकातली अभिनेत्री. श्याम पेठकरांचे लेखन आणि हरीश इथापे यांचे दिग्दर्शन असलेल्या त्या नाटकात आपल्यासारख्याच बायांचे जगणे त्यांनी रंगमंचावर उभे केले. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ हा २००९ चा चित्रपट विदर्भातल्या कापूस पिकवणाऱ्या घरात घडतो. हे सगळे ‘सावकारी पाश’चे वारस आहेत. कोल्हापूरच्या कंपनीने वाट पाडली आणि त्या वाटेवर आज सर्वांत जास्त पावले आपल्याकडची आहेत.

कंपनीच्या उतरणीची गोष्ट लांबवण्यात अर्थ नाही, पण टाळूही नये. बाबूराव सावकाश काम करणारे. मनासारखे चित्र जमेपर्यंत पुढे न सरकणारे. चित्रकाराला ते शोभते, पण मजुरी आणि व्याज रोज चढत असलेल्या कंपनीला ते पेलत नाही. भागीदारांशी मतभेद झाले. हाताखालची मंडळी एव्हाना स्वतः दिग्दर्शन करू लागली होती. १९२७ चा ‘नेताजी पालकर’ शांतारामांनी केला, १९२८ चा ‘महारथी कर्ण’ दामले-फत्तेलालांनी. शिकून तयार झालेल्या माणसांना कंपनीत वाढायला जागा उरली नव्हती. १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी सोनेचांदीचे व्यापारी सीतारामपंत कुलकर्णी यांना बरोबर घेऊन कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. मूळ कंपनीने ‘बाजीप्रभू देशपांडे’, ‘लंका’ असे आणखी काही मूकपट काढले. १९३१ साली ‘आलम आरा’ आला आणि पडदा बोलू लागला. बोलपटामुळे चित्राची भाषा मरेल असे बाबूरावांना वाटत होते. ध्वनियंत्रे हाताने घडवता येण्यासारखी नव्हती, त्यांना लागणारा पैसाही नव्हता. कंपनी बंद पडली.

शिष्यांनी गुरूला सोडले, या सुरात ही फाटाफूट बऱ्याचदा सांगितली जाते. मला ते पटत नाही. दामले पंधरा-सोळा वर्षे बाबूरावांच्या कामात होते. फत्तेलालांचेही तसेच. माणसे एवढ्या वर्षांनी निघतात तेव्हा ती घाईने निघालेली नसतात. ज्या संस्थेने शिकवले तिनेच हिस्सा आणि अधिकार देण्याची तजवीज केली असती तर प्रभात वेगळी निघाली नसती. चित्रपटाचा पैसा, हिशेब आणि हक्क यांची घडी महाराष्ट्र फिल्म कंपनीला बसवता आली नाही. प्रभातने नेमके तेच पहिल्या दिवशी केले, सगळे मालक भागीदार म्हणून बसले. गुरूच्या घरात काय चांगले होते आणि काय कमी होते, दोन्ही त्यांनी पाहिलेले होते.

प्रभात १९३३ साली पुण्याला गेली. दामले-फत्तेलालांचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. देहूच्या घराच्या त्या कुडाच्या भिंती, ओसरी आणि चूल पाहताना कोल्हापूरच्या कारखान्यातला सुतार आणि रंगारी ओळखू येतो. प्रभातच्या त्याच आवारात १९६० साली भारत सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. बिनपाटीच्या शाळेचे विद्यार्थी जिथे काम करत होते तिथेच पाटीची शाळा उभी राहिली.

बाबूराव काम करत राहिले. ‘उषा’, ‘प्रतिभा’ हे त्यांचे बोलपट. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’साठी शांतारामांनी त्यांना आपल्या राजकमल संस्थेत बोलावले आणि श्रेयनामावलीत दोघांची नावे दिग्दर्शक म्हणून आली. मूर्तिकाम तर त्यांनी कधीच सोडले नव्हते. कोल्हापूरच्या शिवाजी चौकातला शिवरायांचा अर्धपुतळा त्यांच्या हातचा. १६ जानेवारी १९५४ रोजी ते गेले. ज्या भागात कंपनी होती तिथे, खरी कॉर्नरला, कोल्हापूरकरांनी कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा केला आहे. कोल्हापूरला गेलात तर वाकडी वाट करून पाहावा असा तो आहे.

आजची गोष्ट निराळी आहे आणि नाहीही. कमी पैशात चित्रपट म्हटले की महाराष्ट्रात मालेगावचे नाव निघते. यंत्रमागाच्या गावात नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला, व्हिडिओवर, गावातल्याच माणसांना घेऊन, सायकल आणि बैलगाडीला कॅमेरा बांधून. फैझा अहमद खान यांच्या माहितीपटाने ते जगभर पोचले, रीमा कागतींनी त्यावर मोठा चित्रपट केला. मालेगावच्या पोरांनी बैलगाडीला कॅमेरा बांधला आणि कोल्हापूरच्या मेस्त्रींनी जुन्या प्रोजेक्टरवरून कॅमेरा घडवला, ही एकाच घराण्याची माणसे आहेत. फरक असला तर एवढाच की मालेगावने मोठ्या चित्रपटांची नक्कल करत सुरुवात केली आणि कोल्हापूरला नक्कल करायला पुढे फारसे कुणी नव्हते.

आपल्या जिल्ह्यातही मोबाईलवर, उसन्या कॅमेऱ्यावर लघुपट करणारी मुले आहेत. कॅमेरा त्यांच्या खिशात आहे, बाबूरावांना जो पाच वर्षांच्या खटपटीनंतर मिळाला. आता फिल्मचा फूट मोजावा लागत नाही, ढग आला तरी काम चालते. या मुलांना कंपनीच्या इतिहासातून काही घ्यायचे असेल तर कॅमेरा घेऊ नये, ती नजर घ्यावी. चित्रीकरणाआधी प्रत्येक दृश्य कागदावर काढण्याची सवय घ्यावी. आणि ‘सिंहगड’चा गल्ला हातात असताना ‘सावकारी पाश’ काढण्याची हिंमत घ्यावी.

एक दुःख राहते. ‘सावकारी पाश’ या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची, चटकन पेटणारी, आपोआप कुजणारी. भारतातल्या बहुसंख्य मूकपटांचे तेच झाले. कंपनीच्या कामातले काही तुकडे, काही छायाचित्रे, भित्तिपत्रके आणि पाहिलेल्यांनी लिहून ठेवलेल्या आठवणी एवढेच हाताशी आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जुन्या चित्रपटांच्या शोधाचे आणि जतनाचे मोठे काम केले आहे, आणि जुन्या चित्रपटगृहांच्या माळ्यांवर, वितरकांच्या गोदामांत हरवलेली फिल्म अजूनही अधूनमधून सापडते. विदर्भात मूकपटाच्या काळापासून चित्रपट दाखवले गेले आहेत. आपल्या जिल्ह्यात जुन्या टॉकीजचा, फिरत्या सिनेमाचा वारसा असलेल्या घरांत एखादा गंजलेला पत्र्याचा डबा असेल, तर तो उन्हात उघडू नका, विस्तवाजवळ नेऊ नका, भंगारात घालू नका. संग्रहालयाला कळवा.